जहाजाचा तेवढाच तुकडा

चालता चालता तो एकदम वाकायचा. नव्या माणसाला वाटे, हा आपल्या पाया पडतोय. शाळा तपासायला आलेल्या एका साहेबांनी तर आशीर्वादासाठी हातसुद्धा वर केला होता, आणि हा त्यांच्या बुटाशेजारचा खिळा उचलून उभा राहिला. खिळा खिशात टाकला, खिशावरून हात फिरवला आणि नेहमीचं वाक्य म्हणाला, "सुटं राहू देऊ नाही काही." साहेबांनी वर केलेला हात मग टोपी नीट करायला वापरला.

जमिनीकडं बघत चालणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणाची नजर लाजेनं खाली असते, कुणाची काही सापडेल या आशेनं. याची तशी नव्हती. तो हातभर रुंदीची एक पट्टी मनात आखून तेवढीच बघत चालायचा, आणि ती संपली की वळून शेजारची घ्यायचा. शाळेचं पटांगण तो असं रोज सकाळी पालथं घालायचा. खडा, टाचणी, मोडकं निब, बटण, काही म्हणून सुटायचं नाही. मुलं त्याच्या वाटेत मुद्दाम खडूचे तुकडे टाकून गंमत बघायची. खरं सांगायचं तर मीही एकदा टाकला होता.

वऱ्हाडातल्या मालेगावच्या आमच्या शाळेत तो शिपाई होता. सत्तर सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली होती तेव्हाची ही गोष्ट. त्याच्या बापाचं बसस्टँडजवळ टिनाचं दुकान होतं. बादल्या, कंदील, तेलाचे डबे, फुटलं असेल ते मुसलमान टिनवाल्याकडं न्यायचं आणि डाग देऊन आणायचं, अशी गावाची रीत होती. बाप गेल्यावर दुकान थोरल्या भावानं चालवलं. हा धाकटा मात्र पोरसवदा असतानाच आरमारात भरती झाला आणि विमानवाहू जहाजावर आठ वर्षं काढून परत आला. समुद्र पाहिलेली माणसं आमच्या गावात फार नव्हती, त्यामुळं सगळं गाव त्याला 'नेव्ही' म्हणायचं. हेडमास्तर म्हणायचे, "नेव्ही, घंटा दे." त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. मीही ते इथं लिहीत नाही. त्या नावानं हाक मारली असती तर त्यानं स्वतःच मागं वळून पाहिलं नसतं.

मी चित्रकला शिकवायचो. कारंज्याचा माणूस, मालेगावात नोकरीला, आणि आपल्या हातात कला आहे पण गावाला तिची कदर नाही अशी माझी पक्की समजूत होती. तेव्हा मी थोडा कडवट होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं माझं वागणं काही फार चांगलं दिसणार नाही.

वाकून उचलायची ही सवय कुठून आली, ते त्यानं एकदा मधल्या सुट्टीत सांगितलं. जहाजाच्या माथ्यावर सपाट मैदान असतं. विमानं तिथून उडतात आणि तिथंच उतरतात. त्यांचं इंजिन समोरून हवा ओढतं आणि मागून फेकतं. मैदानावर एखादा स्क्रू पडलेला असला तर तो आत ओढला जाऊन विमान बुडू शकतं, नाहीतर मागच्या झोतानं उडून बंदुकीच्या गोळीसारखा माणसाला लागतो. म्हणून रोज सकाळी, विमानं बाहेर काढायच्या आधी, स्वयंपाक्यापासून साहेबापर्यंत सगळे या काठापासून त्या काठापर्यंत खांद्याला खांदा लावून उभे राहायचे आणि खाली बघत टोकापर्यंत चालत जायचे. ज्याच्या समोर जी पट्टी आली ती त्याची. काही मागं राहिलं असं वाटलं तर हात वर करायचा. एकानं हात वर केला की शेकडो माणसांची रांग थांबायची.

"मग थांबवलीस का तू कधी?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला, आणि घंटा द्यायला निघून गेला. घंटेला अजून दहा मिनिटं होती.

एका पोळ्यानंतर तो माझ्याकडं आला तो खिशात एक दोरा घेऊन. पांढरा जाडसर दोरा, त्याला सात-आठ गाठी मारलेल्या. टिनवाल्यांचं माप घ्यायचं हे जुनं साधन. त्यांच्या घरात कुणी फूटपट्टी वापरत नाही. ही गाठ म्हणजे पंखाची लांबी, ही शेपटीची, ही चाकापासून पोटापर्यंतची उंची, असं त्यानं दाखवलं. ते एका लाकडी विमानाचं माप होतं. पंख वीतभर. त्या विमानाखाली त्याला जहाजाचं मैदान बनवायचं होतं, जसं होतं तसं, आणि रंगाला माझी मदत हवी होती.

विमान कुठं आहे, विचारलं. किन्हीराजाला आहे, म्हणाला. वामनच्या मायजवळ. ती घराबाहेर नेऊ देत नाही, म्हणून दोऱ्यावर माप आणलं.

वामन कोण ते मला त्या दिवशी कळलं. किन्हीराजाचा, बौद्ध घरातला, मजुरी करणाऱ्या बाईचा एकुलता एक. मालेगावपासून किन्हीराजा गाडीनं तासाभराच्या आत येतं, पण या दोघांनी एकमेकांना इथं कधी पाहिलं नव्हतं. ओळख झाली ती जहाजावर. तिथं मराठी पोरं होती, पण ती कोकणातली, आणि 'मले-तुले' ऐकलं की हसायची. बाकीचे मल्याळी, पंजाबी, बंगाली. दोन हजार मैल पाण्यात वऱ्हाडी बोलणारी ही दोनच तोंडं, तेव्हा ती सतत एकत्र असायची. मैदानावर कान फुटतील असा आवाज, जेवणाच्या खोलीत गर्दी. निवांत बोलायला मिळायचं ते सकाळच्या रांगेत. म्हणून दोघं रोज शेजारी शेजारी उभे राहायचे. बोलायला मनाई होती. त्यांच्यावरचा चीफ दोनदा ओरडलाही होता.

वामननं फावल्या वेळात सागाच्या ओंडक्यातून ते विमान कोरलं होतं, मायला द्यायला. एकाहत्तरच्या लढाईच्या आदल्या वर्षी सरावाच्या फेरीत तो जहाजावरून समुद्रात पडला आणि सापडला नाही. त्याची पत्र्याची पेटी घरी आली, तिच्यात विमान होतं. म्हातारीनं ते बुद्धाच्या तसबिरीशेजारी ठेवलं. हा नोकरी सोडून आल्यावर तिला भेटायला गेला तेव्हा तिनं एवढंच विचारलं, की माझा वामन कुठं उभा होता? यानं तोंडानं सांगायचा प्रयत्न केला. पण जिनं गावच्या नाल्याच्या पुरापलीकडं पाणी पाहिलं नाही तिला काय सांगणार? सांगून झालं की ती मान हलवायची, आणि पुढच्या खेपेला तेच विचारायची.

मला मात्र त्यात दुसरंच दिसलं. अकोल्याला जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन व्हायचं होतं. जहाजाचं टोकदार तोंड, वर मनोरा, मनोऱ्यावर झेंडा, तारेवर अधांतरी धरलेलं विमान आणि खाली कोपऱ्यात माझं नाव, असं सगळं चित्र मी तिथल्या तिथं कागदावर काढलं. त्यानं ते नीट पाहिलं, छान आहे म्हणाला आणि परत दिलं.

"ह्या मापानं सारं जहाज केलं तं वर्गाच्या भिंतीएवढं होईन, मास्तर. मले मागचा तुकडा पायजे. तेवढाच."

मागच्या तुकड्यात बघण्यासारखं काही नव्हतं. सपाट जमीन, आडव्या चार तारा, एक काठ आणि काठाला जाळी. मी पुष्कळ समजावलं. शेवटी रागावलो. दहा-बारा दिवस त्याच्याशी बोललो नाही, आणि त्याला ते जाणवलंसुद्धा नाही. तो शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेच्या ओट्यावर एकटा काम करत बसायचा.

चहाच्या पेटीचं प्लाय आणून त्यानं तीन फूट बाय दोन फुटांचा तुकडा कापला. विमान उतरताना त्याच्या शेपटाचा आकडा ज्या तारांत अडकतो, त्यांच्यासाठी हेडमास्तरांच्या सायकलची जुनी ब्रेकची तार मागून घेतली. हेडमास्तरांना वाटलं हा नवी बसवून देणार. ते आठवडाभर उतारावर पाय घासत शाळेत येत होते. विमानं बांधून ठेवायला जमिनीत कड्या असतात, त्या चांभाराकडून बुटांच्या भोकांच्या पितळी रिंगा आणून बसवल्या, एकेक मोजून, दोऱ्याच्या गाठीवर गाठ लावून. काठाची जाळी चहाच्या गाळणीची होती, आणि तिच्या आडव्या सळ्या भावाच्या दुकानातून डाग देऊन आणल्या होत्या.

रंगावर गाडी अडली तेव्हा मी न बोलावता गेलो. कलावंताला राहवत नाही, असं मी त्याला सांगितलं. मी मेहनतीनं निळसर करडा रंग तयार केला. तो म्हणाला, असा नव्हता. दुसरा केला, तोही नव्हता. तिसऱ्या वेळी मी ब्रश आपटला. तो शांतपणे म्हणाला, "रंग बरोबर आहे, पण ह्याच्यावर कोणी चाललं नाही अजून." मग त्यानंच कंदिलाची काजळी, ट्रकचं जळकं तेल आणि नदीची चाळलेली वाळू सरसात कालवली, ती फासली, वाळल्यावर नारळाच्या शेंडीनं घासली. सायकलच्या ट्यूबचा तुकडा तापवून चाकांचे काळे ओरखडे काढले. पांढरी रेघ मारली आणि नखानं जागोजागी उडवली. मी समुद्र पाहिला नव्हता, तरी ती जमीन बघून मला वाटलं की इथं माणसं घसरत असतील. माझ्या आयुष्यात मी असं काम केलेलं नाही. त्या दिवशी त्याचा हेवा वाटला, हे सांगायला आता हरकत नाही.

शेवटी माणसं केली. तारेच्या सांगाड्यावर लांबी, म्हणजे रंगारी भेगा भरायला वापरतात तो लगदा, चढवून अर्ध्या बोटाएवढी अकरा माणसं. सगळी एका बाजूला कललेली होती. मी म्हटलं, वाकडी झाली. तो म्हणाला, वाऱ्यात कोणी सरळ उभं राहत नाही. त्यांच्या अंगात वेगवेगळ्या रंगांच्या बंड्या होत्या. तिथं आवाजानं काही ऐकू येत नाही, म्हणून कोण काय काम करतो ते रंगावरून ओळखायचं. चाकांना ठोकळे लावणारे निळे. काठाजवळ, जाळीला पाठ करून, एक निळा बसवला होता. तो वामन. दुसरा एक निळा बराच अलीकडं होता, आणि सगळ्यांची तोंडं विमानाकडं असताना याचं तोंड भलतीकडं होतं.

"हा कोण?" मी विचारलं.

"मी."

मग तो बोलला. हातात लांबीचा गोळा होता, तो मळत मळत बोलला.

त्या सकाळी रांगेत दोघं शेजारी होते. "माह्या अन् वामनच्या मधात होता, मास्तर. बोटाएवढा बोल्ट. म्या पाह्यला. तेवढ्यात वामन काहीतरी बोलला, म्या त्याच्याकडे पाह्यलं, अन् पाय पुढं पडला." मागं वळायचं तर हात वर करायला हवा होता. चीफ नुकताच ओरडून गेला होता. शेकडो माणसं थांबली असती, आणि कारण काय, तर हे दोन गावठी पुन्हा गप्पा मारत होते. त्याला लाज वाटली. वाटलं, मधल्या जागेत होता, वामननं उचलला असेल. वामनलाही तसंच वाटलं असेल, किंवा त्यानं पाहिलाच नसेल. दुपारी एक विमान जागेवर वळलं, त्याच्या इंजिनाचा झोत मैदानावरून फिरला, काहीतरी उडालं आणि वामनच्या कानशिलात बसलं. तो जाळीवर पडला असता तर निदान देह मिळाला असता. तो जाळीच्या पलीकडं गेला. संध्याकाळपर्यंत शोधलं. चौकशी झाली. यालाही बोलावलं होतं. काही पाहिलं नाही, असं यानं सांगितलं. कुणाचा दोष नाही, असा निकाल लागला.

"तोच बोल्ट कशावरून?" मी म्हटलं. "दुसरा कुठला असेल."

"असन दुसरा. पण मले ह्याच एकाचं माहीत आहे."

हे सगळं तो म्हातारीला सांगणार होता. मी त्याला परोपरीनं सांगितलं की असं करू नको. तुकडा नेऊन दे, वामन दाखव, नमस्कार कर आणि ये. एवढ्या वर्षांनी तिला हे ऐकवून तिचं काय भलं होणार आहे? उलट जे एक माणूस तिच्याकडं येतं-जातं, तेही तुटेल. माझं म्हणणं शहाणपणाचं होतं. आजही मला ते शहाणपणाचंच वाटतं.

"तिचं भलं होईन म्हणून नाही सांगत," तो म्हणाला. "ती पुसते, कोठी उभा होता. काहून उभा होता, कसा गेला, सारं त्याच्यातच येते. अर्धं सांगू का तिले?"

रविवारी आम्ही दोघं एसटीनं गेलो. तुकडा जुन्या धोतरात गुंडाळून मांड्यांवर आडवा धरला होता. कंडक्टरनं टपावर टाका म्हटलं तेव्हा नेव्हीनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो पुढं काही बोलला नाही.

म्हातारी लहानखुरी होती. एका खोलीचं घर, जमीन सारवलेली. आम्ही तुकडा एका खोक्यावर ठेवला. तिनं हात पदराला पुसले, तसबिरीशेजारचं विमान दोन्ही हातांनी उचललं आणि स्वतःच तिथं ठेवलं. चाकं त्याच्या ओरखड्यांवर बरोबर बसली. त्या क्षणी नेव्हीच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंद म्हणणार नाही, पण काम जमलेल्या कारागिराचं काहीतरी होतं. मग म्हातारी खाली बसली. तोंड अगदी जवळ नेऊन एकेक वस्तू बोटानं दाखवून विचारू लागली, आणि तो सांगू लागला. ही तार कशाला. ही जाळी कशाला. हे पोरगं पिवळं काहून.

"अन् हा वामन," तो म्हणाला.

तिनं बोट मागं घेतलं. हात लावला नाही. नुसती बघत राहिली. मग तिनं दुसऱ्या निळ्याकडं पाहिलं.

"हा तू?"

"हाव, माय."

"मंग येवढा दूर काहून?"

त्यानं सांगितलं. मला सांगितलं होतं त्यातला एक शब्द गाळला नाही. चौकशीत खोटं बोललो तेही सांगितलं. मी दाराशी उभा होतो आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. तो शिव्याशापांची, हाकलून देण्याची, सगळ्याची तयारी करून आला होता. मान खाली घालून बसला होता.

म्हातारी रडली नाही. ओरडली नाही. बोल्टाबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही.

"काय बोलत होते तुमी?" तिनं विचारलं.

त्याला समजलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. "वामन बोलला म्हंतं ना तू. शेवटचं. काय बोलला?"

नेव्ही तिच्याकडं बघत राहिला. या माणसाला मैदानावरची प्रत्येक कडी आठवत होती. कोणती रेघ कुठं उडाली होती ते आठवत होतं.

"आठवत नाही, माय."

"आठवून पाय," ती म्हणाली. रागानं नाही, हरवलेली किल्ली शोधायला सांगावी तसं. मग उठून चूल पेटवली, आम्हाला चहा दिला. निघताना त्याला म्हणाली, "आठवलं का येजो, बावा."

त्यानंतरचा नेव्ही तुम्ही पाहिला असता तर ओळखला नसता. महिन्या-पंधरा दिवसांनी तो किन्हीराजाला जायचा. वामनची दाढ दुखत होती, वारा डावीकडून होता, सकाळी उसळ मिळाली होती, असं काहीबाही आठवून सांगायला जायचा. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, ते ठीक आहे, पण बोलणं काय होतं? तो परत यायचा. घंटा चुकू लागली. हेडमास्तर दोनदा बोलले.

एक दिवस त्यानं मला सकाळी शाळेत लवकर यायला सांगितलं. पटांगणाच्या टोकाला त्यानं मला आपल्या डाव्या हाताला उभं केलं, खांद्याला खांदा लावून. म्हणाला, "खाली पाहत चाला, अन् बोला काही बी. आपल्या बोलीत बोला." शब्द कानावर पडले तर आठवेल, असं त्याला वाटत होतं. मी मुळात चारचौघांत वऱ्हाडी बोलायला लाजायचो, शुद्ध बोलणारा मास्तर ना मी. पण बोललो. यंदा तुरीले शेंगाच नाही धरल्या म्हटलं. पोरीले मुदतीचा ताप येऊन राह्यला म्हटलं. कारंज्याची गाडी रोज उशिरा येते म्हटलं. असं आम्ही आठवडाभर रोज चाललो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो मध्येच थांबायचा, डोळे मिटायचा, आणि मीही थांबायचो. काही आलं नाही. शेवटच्या दिवशी म्हणाला, "राहू द्या, मास्तर. तुमचा आवाज येगळा आहे." मला फार वाईट वाटलं, माझा आवाज वेगळा असल्याचं.

मग त्यानं वेगळा रस्ता धरला. रांगेत त्याच्या दुसऱ्या बाजूला एक मल्याळी असायचा. तो निवृत्त होऊन गावी, कोचीनच्या बाजूला राहतो असं कळलं होतं. मी म्हटलं, त्याला तुमची भाषा कुठं येते? तो काय सांगणार? "कान तं होते त्याले," नेव्ही म्हणाला. पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तो अकोल्याहून रेल्वेनं गेला. अकोल्याच्या एसटीसाठी फाट्यापर्यंत मी सोडायला गेलो होतो. हातात एक पिशवी होती. त्याला खिडकीची जागा मिळाली नाही, त्यामुळं गाडी निघाल्यावर तो मला दिसला नाही.

सुट्टी संपल्यावर माझ्या नावानं कार्ड आलं. चार ओळी. मल्याळी भेटला. त्याला तो दिवस चांगला आठवतो. बोलणं कळत नव्हतं, पण वामन आणि मी हसत होतो, चीफ त्याच्यासाठीच ओरडला, असं तो म्हणतो. मला ताप आहे, उतरला की निघतो. मायला सांगा.

त्यानंतर दहा दिवसांनी त्याच्या भावाला इंग्रजीत पत्र आलं. भाऊ ते घेऊन माझ्याकडं आला, कारण त्याला इंग्रजी येत नव्हतं. मी वाचलं. ताप उतरला नव्हता. त्या मल्याळ्यानं आणि त्याच्या मुलांनी दवाखान्यात नेलं होतं, रात्रंदिवस बसले होते. मग तिथल्याच मशिदीच्या कब्रस्तानात त्याला ठेवलं. मी त्याच्याबरोबर दुकानापर्यंत गेलो, तिथं भाऊ ओट्यावर बसून राहिला. त्याच्यासमोर कुणाचा तरी फुटका कंदील पडला होता. मी काय बोललो ते आता आठवत नाही.

पुढच्या रविवारी मी कार्ड घेऊन एकटा किन्हीराजाला गेलो. म्हातारी दारात तूर पाखडत होती. आत खोक्यावर तो तुकडा होता आणि त्याच्यावर विमान. तिनं धूळ पुसलेली दिसत होती. मी एकटा का आलो ते तिनं विचारलं नाही. कार्ड काढलं तेव्हा तिनं सूप बाजूला ठेवलं. मी चारही ओळी वाचल्या, फक्त तापाची गाळली.

"हासत होते?" ती म्हणाली.

"हो. दोघं."

"पुन्ना वाचा."

मी पुन्हा वाचलं. तिनं आणखी दोनदा वाचायला लावलं. शेवटच्या खेपेला तिचे ओठही माझ्याबरोबर हलत होते. मग तिच्या तोंडावर थोडं हसू आलं. त्या घरात मी ते पहिल्यांदाच पाहत होतो.

"कायले हासत होते पण?"

"ते लिहिलं नाही, माय."

"बरं. तो आला का सांगन. आता त्याले आठवन." तिनं सूप मांडीवर ओढलं. "कधी येते तो?"

गाडीत बसल्यापासून मी या प्रश्नाची तयारी करत होतो. तो याच जमिनीवर बसून, मी सांगू नको म्हणत असताना, जन्माचं ओझं शब्द न गाळता बोलून गेला होता. मला एकच वाक्य सांगायचं होतं, आणि त्यात माझा काही दोषसुद्धा नव्हता. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. हसू अजून होतं.

"येईल," मी म्हणालो. "सुट्टी वाढवलीय त्यानं. येईल."

चहा घेऊन जा, म्हणाली. गाडी चुकेल, असं सांगून मी उठलो. गाडीला अजून तासभर होता.